पयला शब्द त्यानं काढावा

आमचा बाप मेंढरं राखायचा, घोडीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरायचा, आन् माझा जन्म दौंडच्या पलीकडं भीमेच्या कडंला कुणाच्या तरी रानात झाला, कुणाच्या ते आईला बी सांगता येत न्हवतं. शाळा न्हाई, जमीन न्हाई. काय सांगू तुम्हाला, मला फक्त जनावर कळायचं. दात बघायच्या आधी नुसत्या चालीवरनं सांगायचो, ही शेळी गाभण हाय, ह्या बैलाचा जू घासून खांदा आलाय. तेवढ्यावर मी घर बांधलं, बोअर पाडली, बाजारात लिंबाखाली माझी जागा झाली. दौंडपासनं शिरूरपत्तर मला आप्पा म्हणत्यात, ते काय वयाला मान देऊन न्हाई, माझ्या जिभेला भिऊन.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत. घेणारा आन् विकणारा टॉवेलाखाली हातात हात घालत्यात, बोटं दाबून आकडा सांगत्यात, शेजारच्याला पत्ता लागत न्हाई. आन् एक नियम, पयला आकडा ज्यानं काढला तो मेला. आपण गप बसायचं, समोरच्याला घाम फुटू द्यायचा. हे सगळं मी सोपानला शिकवलं. सोपान म्हंजी माझ्या बायकोचा, हौसाचा धाकटा भाऊ. चपला नव्हत्या पायात, तवा मी त्याला धंद्याला लावला. लांबच्या बाजाराला आम्ही एकाच लॉजवर उतरायचो, आन् तिथं मी ज्या बाईकडं जायचो तिच्याकडंच तो बी जायचा. आता लपवून काय करू.

मग मला खोकला लागला. दोन महिने खोकला, अंगावरची कापडं ढिली झाली. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, आन् डॉक्टर म्हणाला, टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करावीच लागते. कोपऱ्यातल्या खोलीत एक मॅडम होत्या, त्यांनी दार लावून सांगितलं, काका, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, पण घाबरू नका, गोळ्या फुकट मिळतात, रोज घेतल्या तर तुम्ही म्हातारे होऊन मराल. आन् बायकोला घेऊन या, तिची तपासणी करायची. मी म्हणलो, दोन महिन्यांनी आणतो. त्या म्हणाल्या, उद्या. मी म्हणलो, एक महिना. त्या म्हणाल्या, काका, हा बाजार नाही.

हौसाची तपासणी चांगली आली. मी म्हणलो, देवाची कृपा. ती म्हणाली, देवाची कशाला, तुम्ही घरात होता कवा?

सोपान एकदा घरी आला आन् फडताळात माझी गोळ्यांची बाटली आन् दवाखान्याचं पुस्तक त्यानं बघितलं. मला काय बोलला न्हाई. पुढच्या बाजाराला मी टॉवेल टाकून हात पुढं केला, समोर वरवंडचा गिऱ्हाईक, वीस वर्षांच्या वळखीचा. त्यानं हात खिशात घातला. म्हणाला, आप्पा, तोंडानंच सांगा की. आता तोंडानं सांगितला तर सगळा बाजार ऐकतोय, सौदा व्हायचा कसा? दुसरा बी तसाच, तिसरा बी तसाच. चहावाल्यानं सगळ्यांना काचंच्या गिलासात दिला, मला कागदाच्या कपात. मी म्हणलो, गिलास संपले का रं? तर पोरं हसली. हात लावून, उष्टं खाऊन हा रोग होत न्हाई, मॅडमनी मला दहादा सांगितलेलं, पण बाजाराला कोण सांगणार? महिन्याभरात लिंबाखाली सोपान बसायला लागला. माझ्याच जागंवर, माझ्याच गिऱ्हाइकांचे हात धरून. वरनं सांगायचा, त्या कोपऱ्यातल्या खोलीत जो शिरला तो गेला म्हणून समजा.

मॅडमनी मला आधीच विचारलं होतं, काका, तुमच्याबरोबर तिकडे कोण असायचं? त्यांनाही तपासायला सांगा, नाहीतर मला नाव द्या, तुमचं नाव मी काढणार नाही. मी म्हणलो, मी एकटाच असायचो. मनात म्हणलो, मरू दे.

तेवढ्यात सोपानच्या बायकोला, कमलला दिवस गेले. लग्नाला सात वर्षं झाल्यावर. माझं चित्त थाऱ्यावर राहीना. गोळ्या घ्यायला गेलो तवा मॅडमना सहज विचारल्यागत विचारलं, एखादी बाई गरोदर असंल आन् तिला हे असंल तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तिला आत्ताच गोळ्या चालू केल्या तर बाळ वाचतं काका, बहुतेक वेळा वाचतं, कोण आहे ती? मी म्हणलो, कुणी न्हाई, इचारलं.

तिथनं मी सरळ सोपानच्या दारात गेलो. काय सांगू, माझ्या मनात होतं सांगायचं. पण फुकट माल द्यायची सवय न्हाई मला. म्हणलो, सोपाना, माझी जागा सोड, तुझ्या कामाची एक गोष्ट सांगतो. तो दात कोरत होता. म्हणाला, दाजी, आजारी माणसाची जागा घरात. मी म्हणलो, एकदा इचार तर, काय गोष्ट हाय. तो म्हणाला, मला गरज न्हाई. कमल आतनं चहा घेऊन आली, पाचवा महिना असंल, तिनं मला स्टीलच्या कपात चहा दिला, आन् मी तो पिऊन उठलो. रस्त्यानं म्हणत आलो, येतोय सोपान, आठ दिवसांत इचारायला येतोय. मी गप बसलो. चार महिने गप बसलो.

दवाखान्याची आशाताई कमलला तपासणीला बोलवायला दोनदा आली, सोपाननं पाठवलं न्हाई. त्यानंच खोलीचं नाव घाण केलेलं, मग स्वतःची बायको तिथं कशी धाडणार? कळा सुरू झाल्यावर तिला दवाखान्यात नेली, तवा कळलं, तिला बी हाय. पोरीला जन्मल्या दिवशी औषध पाजलं, पण उशीर झालेला. पुढच्या तपासणीत पोरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग सोपान पळत शिरूरला गेला तपासायला, दौंडात कुणी बघू नये म्हणून, आन् तिथं बाकड्यावर वरवंडचा तो गिऱ्हाईक तोंडाला रुमाल बांधून बसलेला. दोघांनी एकमेकांना रामराम केला न्हाई. आता बाजारात सोपानचा बी हात कुणी धरत न्हाई. मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

बरं वाटलं ते कमल येईपत्तर. पोरगी कडंवर घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहिली. हौसा भाकरी थापत होती. कमल म्हणाली, दाजी, मॅडम म्हणत्यात औषध वेळंवर मिळालं असतं तर ही वाचली असती. तुम्हाला ठावं होतं? मी म्हणणार होतो, तुझ्या नवऱ्याला इचार, त्यानं माझी जागा खाल्ली, माझा रोग चव्हाट्यावर नेला, त्यानं एक शब्द इचारला असता तर. सगळं तोंडावर आलं होतं. मी म्हणलो, व्हय, ठावं होतं. ती म्हणाली, बरं. आन् गेली. शिवी दिली असती तर मी बी दोन दिल्या असत्या.

आता आमच्या सगळ्यांच्या गोळ्या एकाच खिडकीतनं मिळत्यात. कमलनं मॅडमना सांगून तिची तारीख बदलून घेतली, माझं तोंड दिसू नये म्हणून. पोरगी चार वर्षांची झाली, औषधावर हाय, चांगली दुडूदुडू पळती म्हणत्यात. हौसा मला ताट वाढती आन् भिंतीकडं तोंड करून बसती. सोपानवरचा माझा राग गेलेला न्हाई, जायचा बी न्हाई, त्यानं इचारायला पायजे होतं, हे मी आज बी म्हणतो.

परवा पोरीला ताप आला असं कळलं. मी देवापुढं हात जोडून म्हणलो, माझं राहिलेलं आयुष्य त्या लेकराला लागू दे. हौसानं ऐकलं. म्हणाली, ऱ्हाऊ द्या. तुमचं काय बी त्या पोरीला लागायला नको.