धूळ म्हणजे दगड नव्हे!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, पत्र्याच्या डब्यावर पीठ सांडलंय म्हणून डबा पिठाचा होतो का? होतो? मग आमच्या साहेबांना कोण समजावणार? तुम्हाला सांगतो, पार दुसऱ्या ग्रहावर आमची गाडी उभी आहे, आत चिटपाखरूही नाही, इथून हुकूम सोडायचा आणि चहा पीत उत्तराची वाट बघायची! तिच्या डोक्यावर माझा लेसर. दगडावर मारला की ठिणगी उडते, ठिणगीच्या उजेडातले रंग तपासले की दगडात काय काय आहे ते कळतं. पण पहिले फटके बसतात वरच्या धुळीला... आणि धूळ तिथे जाल तिकडे तीच! साहेबांनी नेमके पहिलेच आकडे बघितले आणि लगेच नाकातून, "हॅ! पुन्हा तेच. या दरीत काही नाही. उद्या गाडी हलवा."

अहो, हलवा काय हलवा? एकदा गेली की परत येत नाही हो ती! म्हटलं, साहेब, धूळ म्हणजे दगड नव्हे! त्याच जागी मारत राहू द्या, धूळ उडेल, खाली चिकणमाती निघेल, म्हणजे कधीकाळी इथे पाणी होतं! तर इथे बसून गाडी चालवणाऱ्या बाई गोड आवाजात, "बॅटरी काय तुमच्या तीर्थरूपांची आहे का हो?" नाही! पण त्या दगडाला तोंड तरी धुऊ द्या! साहेब म्हणाले, "आणि नाही निघाली तर?" तर लेसर बंद करा आणि मला कॅन्टीनमध्ये कपबशा धुवायला बसवा! ...बोलून बसलो. पण म्हटलं ते म्हटलं. धूळ म्हणजे दगड नव्हे!

मारले फटके. उत्तर येईपर्यंत खोलीत कोणी कोणाकडे बघेना... आणि आलं! आकडे बदलत बदलत गेले आणि खाली चिकणमाती, अस्सल! बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेब चष्मा पुसत काय म्हणाले असतील? "मी म्हणतच होतो." म्हणू देत! गाडी हलली नाही ना? बस्स!

छाती फुगवून घरी आलो, आईला सगळं रंगवून सांगितलं. ती शांतपणे उठली, माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "धूळ म्हणजे दगड नव्हे, पटलं रे बाबा. आता हे कपाट कशाचं आहे, तेही एकदा दाखव!"

लागलो कपाट पुसायला! तिकडे लेसर आहे हो... इथे फडकं.