उकळलेली नाडी

…नाही, पण 'व्हायचंच' म्हणजे काय हो? काय व्हायचंच? उद्या तुमचं बोट दारात चेंगरलं, तर 'बोट आहे, दार आहे, असं व्हायचंच' म्हणून दार तसंच दाबून धरता का तुम्ही? नाही ना? आधी दार उघडता ना? मग आमच्या ठकीच्या… ठकी म्हणजे आमची लेक, खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त तिच्या दुकानाच्या मालकाला ठाऊक आणि तोही ते चुकीचंच उच्चारतो… तर आमच्या ठकीला सहावा महिना लागला आणि तिच्या कमरेच्या हाडांनी संप पुकारला. पुढून ओटीपोटाखाली कुणी करवत चालवावी तशी कळ, मागून माकडहाडापाशी ठणका, बिछान्यात कूस बदलायची तर पोरगी उशीचा कोपरा दातात धरायची, सलवारीत पाय घालायला एका पायावर उभी राहिली की भिंतीला 'आई गं' म्हणायची! भिंतीला! कारण खुद्द आईला सांगितलं की आई म्हणायची, "अगं, दिवस गेलेत ना? मग असं व्हायचंच!"

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यातही मोजमाप. मोजताना माणसाची चूक कशी होते, का होते, यावर माझा जाडजूड प्रबंध आहे, तो जगात तीन माणसांनी वाचलाय आणि त्यातला एक मी. त्यामुळे माझं चुकत असेल हे मला कायम मान्य असतं. आत्तासुद्धा माझं चुकत असेल. पण मला एक सांगा, 'व्हायचंच' हे उत्तर आहे का? वर्गात एखाद्या पोरानं 'सफरचंद खाली का पडतं' याचं उत्तर 'असं व्हायचंच' असं दिलं असतं, तर मी त्याला शून्य दिलं असतं! आणि इथे अख्खा गाव पैकीच्या पैकी घेऊन बसलाय!

आमची ही म्हणते, "मी नाही का ठकीच्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत पाण्याच्या बादल्या उचलल्या?" ठकी म्हणाली, "आई, तुझं दुखत होतं का पण?" तर ही विचार करून म्हणते, "नाही. माझं कुठे दुखत होतं!" आता बोला! ज्याचे दात दुखलेच नाहीत तो दातदुखीवर व्याख्यान देतोय!

आणि तो मालक! ठकी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर उभी. त्या दुकानाची एक पद्धत आहे, म्हणजे मालकाच्या वडिलांपासून चालत आलेली, की गिऱ्हाइकाला औषध बसून द्यायचं नाही. का? तर आजारी माणसाचा मान! म्हणजे खोकल्याची बाटली घ्यायला येणाऱ्या धडधाकट माणसाच्या मानासाठी माझ्या लेकीनं एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभं राहायचं, आणि नेमकं एका पायावर उभं राहिलं की जीव जातो! मी घरातलं उंच स्टूल उचललं, भर रस्त्यातून डोक्यावर घेऊन दुकानात गेलो, म्हटलं, हे हिच्यासाठी. मालक काय म्हणाला असेल? "काका, आमच्या हिनं नवव्या महिन्यात गोदामातली खोकी उतरवली. बायकांना असं व्हायचंच!" वर गोड हसून म्हणतो, "राहू द्या इथे स्टूल, बघू." दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो. स्टुलाचा उपयोग चालू होता. मालक बसला होता त्यावर! "बरं आहे हो काका, पाठीला आराम पडतो!" मला इतका राग आला, इतका राग आला, की मी… खोकल्याच्या गोळ्या विकत घेऊन परत आलो. काय करणार? राग आला की मला खोकला येतो.

शेवटी ठकीनं स्वतःच काउंटरची फळी वर केली, बाहेर आली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर जाऊन बसली. म्हणाली, "आता मीही गिऱ्हाईक. उभं राहून द्या मला औषध." चार माणसं हसली तेव्हा कुठे मालक स्टुलावरून उठला.

मग डॉक्टरीणबाई. त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "बाळ मस्त आहे!" अहो, बाळ मस्त आहे, पण बाळ जिच्यात आहे तिचं काय? भाडेकरू मजेत आहे म्हणून घराच्या भिंतींना तडे गेले तरी चालतील? ठकी म्हणाली, "डॉक्टर, जिना चढताना दुखतं, गाडीत बसताना दुखतं, झोपताना…" तर बाई हात धुता धुता काय म्हणाल्या, तुम्हीच सांगा. बरोब्बर! "असं व्हायचंच. बाळंत झालीस की थांबेल." हा इलाज! म्हणजे आग लागलीय, तर लाकूड संपलं की विझेल!

मी बाहेरच्या खुर्चीत. दार किलकिलं. मी ऐकत नव्हतो, कानावर पडत होतं. मला वाटलं आत जावं, टेबलावर मूठ आपटावी. पण मग वाटलं, त्या डॉक्टर, आपण पदार्थविज्ञानाचे, आपलं चुकत असेल. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चढ टेबलावर, तपासते." आणि ठकी म्हणाली, "मी चढत नाही." "अगं चढ ना." "चढता येत नाही. पाय उचलून दाखवू? बघा." आणि तिनं पाय उचलायचा प्रयत्न केला, तोंडातून असा आवाज निघाला की डॉक्टरीणबाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. मग बाई खऱ्या अर्थानं जाग्या झाल्या. ओटीपोटाखालचा समोरचा सांधा दाबून पाहिला, म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?" आधी का नाही सांगितलंस! तीन महिने पोरगी काय गाणं म्हणत होती?

पण चला, त्यांनी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या बाई 'व्हायचंच' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पुष्कळ जणींना होतं. म्हणूनच त्यावर पुष्कळ करता येतं." ऐका, ऐका हे वाक्य! मी त्यांना दंडवतच घालणार होतो, पण माझे गुडघे! गुडघ्यांत उशी घेऊन झोपायचं, कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं, कपडे बसून घालायचे, कमरेला पट्टा, गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरायची म्हणजे आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय जोडून गर्रकन आत! पंधरवड्यात ठकी दातातली उशी सोडून झोपायला लागली. दुखणं गेलं नाही, पण आटोक्यात आलं.

आणि मग आली नाडी. साधी, परकराला घालतात ती सुती नाडी. बाईंनी ठकीला निजवलं, म्हणाल्या, गुडघे हळूहळू एकमेकांपासून लांब ने, दुखायला लागलं की थांब. ती थांबली तिथे दोन गुडघ्यांमध्ये नाडी धरली आणि कच्चकन कापली. म्हणाल्या, "बाळंतपणात कमरेत इंजेक्शन घेतलंस तर दुखणं कळणार नाही. तुला नाही कळणार, त्यांनाही नाही कळणार. घाईत पाय याच्यापलीकडे ताणले, तर बाळ येईल, पण तुझा सांधा महिनोन् महिने भोगेल. ही नाडी सोबत ठेवायची. याच्या पुढे पाय जाऊ द्यायचे नाहीत. कुशीवर बाळंत होता येतं, तसं आधीच सांगून ठेव." ठकीनं ती नाडी माझ्या हातात दिली. "बाबा, मोजमापाचं खातं तुमचं."

अहो, जन्मात कुणी मला मोजमापाचं काम दिलं तर ते हे! मी ती नाडी छातीच्या खिशात ठेवली. मग वाटलं, हरवली तर? म्हणून तिच्यासारखीच दुसरी कापली. मग वाटलं, दोन्ही एकाच खिशात, खिसाच हरवला तर? तिसरी कापली, पिशवीत. चौथी गाडीत. पाचवी जावयाच्या पाकिटात. जावई म्हणजे अबोल माणूस. लग्नात फोटोग्राफर 'हसा' म्हणाला तेव्हाही हा 'हं' म्हणाला होता. पाकिटात नाडी ठेवली तेव्हाही 'हं'.

नववा महिना संपत आला आणि एका सकाळी माझ्या मनात आलं, दवाखान्यात न्यायची वस्तू, खिशात, गाडीत लोळलेली… जंतू! झालं. पाचही नाड्या गोळा केल्या, पातेल्यात घातल्या आणि खळाखळा उकळल्या. एकदा. मग शंका आली, म्हणून पुन्हा. आमची ही म्हणाली, "काय शिजतंय?" म्हटलं, "सुरक्षितता!" दोरीवर वाळत घातल्या, आपापल्या जागी ठेवल्या, आणि त्याच दिवशी दुपारी ठकीच्या कळा सुरू झाल्या.

गाडीपाशी गेलो. सीटवर पिशवी अंथरलेली. मला शंका आली, पिशवी नीट सरकते ना? म्हणून आधी मी बसून पाहिलं. सरकते! असा सरकलो की ड्रायव्हरच्या मांडीवर! ड्रायव्हर म्हणजे जावईच. म्हणाला, "हं." ठकी बाहेर फाटक धरून कळ सोसतेय आणि ओरडतेय, "बाबा, बाळ कुणाला होतंय?"

दवाखान्यात सिस्टरना मी सगळं समजावलं, सांधा, अंतर, नाडी. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, घाबरू नका, पहिलटकरणीच्या माणसांचं असं व्हायचंच." मी खिशातली नाडी काढली. शंका नको म्हणून पिशवीतली काढून तिच्याशेजारी ठेवली. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी सरकली. दोन्हींची लांबी वेगळी! तिसरी काढली. तिसरीच तऱ्हा! गाडीतली आणि पाकिटातली मागवली, त्याही निराळ्या! सुती नाडी, दोनदा उकळलेली, आटली! एक थोडी, एक जास्ती, एक वेडीवाकडी! पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आणि उष्णतेनं सूत आटतं हे विसरला! पाच नाड्या, पाच मापं, आणि बाईंनी कापलेली खरी कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही! पण प्रशिक्षण कुठे जातं? मी म्हटलं, "ठकी, धीर धर, आपण पाचांची सरासरी काढू!"

ठकी कळेत होती. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, तुमची सरासरी घाला चुलीत! सगळ्यात आखूड ती घ्या!"

अहो… एवढंच! पाय गरजेपेक्षा कमी लांब गेले तर बिघडलं काय? बिघडतं ते जास्त लांब गेले तर! सगळ्यात आखूड! माझ्या अख्ख्या प्रबंधात हे वाक्य नाही. असेलही. पण मला सापडलं नव्हतं.

आखूड नाडी ठकीनं जावयाच्या हातात दिली. "मला इंजेक्शननंतर कळणार नाही. तू धरायचीस. कुणाचं ऐकायचं नाही." जावई म्हणाला, "हं." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, संपलं! हा काय थांबवणार कुणाला?

मी आणि आमची ही दाराबाहेर. बराच वेळ काही नाही. मग एकदम धावपळ. डॉक्टरीणबाईंचा आवाज, "चला, पाय आणखी लांब, आणखी… सिस्टर, तो पाय धरा, ओढा!" मी दारावर हात ठेवला. ढकलावं का? आपलं चुकत असेल तर? आणि आतून आवाज आला, "नाही."

मला वाटलं दुसरं कुणी आहे आत. "काय नाही?" डॉक्टरीणबाई. "नाडी ताणली गेलीय. याच्यापुढे पाय जाणार नाही." "अहो, बाळंतपणात असं व्हायचं…" "नाही व्हायचं! आधी सांगितलंय तुम्हाला, कुशीवर. तर कुशीवर घ्या." अहो, लग्न झाल्यापासून आमचा जावई सगळे मिळून इतके शब्द बोलला नव्हता! मग बाईंचा आवाज, खाली आलेला, "सिस्टर, उशी द्या गुडघ्यांत. कुशीवर घेऊ हिला."

आणि मग बाळाचा टाहो. मुलगी. आमची ही रडली. मी खोकलो.

आता सगळे विचारतात, बाळंत झाली, म्हणजे दुखणं थांबलं असेल? नाही थांबलं! कमी झालंय, बरंच कमी, पण जिन्यावर अजून कठड्याला धरते. ते बोलू का नको त्या मालकाला, त्या डॉक्टरीणबाईंना… बोलणारच होतो, पण परवा काय झालं ऐका. जावई कोचावर आडवा. नाडी धरून तासन् तास वाकून उभा होता, त्यात रात्रंदिवस पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, कंबर धरली त्याची. कधी नव्हे ते स्वतःहून बोलला. म्हणाला, "बाबा, फार दुखतंय हो." आणि मी… तुम्हाला सांगतो, मी विचार केला नाही, शपथ घेतो, ते आपोआप माझ्या तोंडातून आलं. म्हटलं, "अरे, बाप झालास ना? मग असं व्हायचंच!"

ठकीनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली, ओटीपोट धरून हसायला लागली, "बाबा, हसवू नका हो, दुखतं अजून!" आणि मग ती चुलीत घाला म्हणणारी माझी लेक हुकूम सोडून मोकळी झाली. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ जावयाच्या कमरेला तेल मी चोळतो. मी! माझी स्वतःची कंबर मोडून आली तरी! काल जरा तक्रार केली, तर कोचावरून कोण बोललं असेल? जावई! हल्ली बोलायला लागलाय ना तो.

म्हणाला, "बाबा, आजोबा झालं की असं व्हायचंच."