कमी बोलणाऱ्या माणसाची घोडी

…न्हाई न्हाई, उतरत न्हाई मी, उतरायला येळ कुटाय, वरूनच सांगतो दोन शब्दांत, तुमी आपले बसा लिंबाखाली, तुमची जीप येईपर्यंत. मला बी घाईच हाय, दिवस मावळायच्या आत सिरसाळ्याचा बाजार गाठायचाय, ही घोडी त्या नबीभाईच्या दावणीला परत बांधायची आन् तिच्या बदल्यात दुसरं काय बी घ्यायचं, खेचर दिलं तरी चालंल, पण पाय उचलणारं पायजे! तुमी म्हणताल, एवढी देखणी घोडी, कपाळावर चांद, अंगावर माशी बसली तर घसरून पडंल आशी कांती, कावून परत करायलाव? तेच तर सांगायलो. मी मुळात कमी बोलणारा माणूस, पण ह्या घोडीनं माज्यावर बोलायची पाळी आणली बगा.

माजं नाव शहादेव, तिकडं वरच्या माळावर आमची वस्ती. आदी मोटारसायकल व्हती, पण पोरानं चावी काढून घेतली. म्हणतो, आबा, तुमी गाडी चालवता का पाठीमागं बगून भाषण करता? आता मागं आमचा शेजारी तानाजी बसला व्हता, त्याला मी सोयाबीनच्या बियाण्याचं कायतरी सांगत व्हतो, मंग सांगताना तोंड माणसाकडं करावं लागतं का न्हाई? पाठ दावून बोलायची रीत हाय का आपली? तेवढ्यात बाभळ आली. तानाजी म्हणतो बाभळ तिथंच व्हती, आपुनच गेलतो. काटे काढण्यात बिचाऱ्याचा दिवस गेला, तवापासून तो माज्या मागं बसंना. बरं, जीपनं जावं, तर जीपवाला मला बगितलं की म्हणतो, मामा, मागच्या जीपनं या, तिच्यात लई जागा हाय. आन् मागचा बी तेच म्हणतो! मंग माळावरून माणसानं खाली यावं कसं? घरात ठरलं, घोडं घ्यावं.

तर मी आन् आमची छबुबाई, आमच्या मंडळी, सिरसाळ्याच्या बाजारात गेलतो. आता घोडं घ्यायचं म्हंजे काय, दात बगायचे, खूर बगायचे, थोडं पळवून बगायचं, का न्हाई? पण हा नबीभाई औरच माणूस हाय. तो घोडं दावतच न्हाई आदी! गिऱ्हाईकाला खाटेवर बसवतो, चहा सांगतो, आन् पोरगी द्यायला आल्यावानी इचारत बसतो. झोप कशी लागती? राग आला तर भांडं फेकता का गप बसता? भाजीत मीठ कमी पडलं तर मागून घेता का तसंच खाता? मी म्हणलं, नबीभाई, मीठ घोडं वाढणार हाय का? तर मिशीला ताव देत म्हणतो, "शहादेवभाऊ, घोडा देना यानी बेटी देना. जानवर का मुझे मालूम है, आदमी देखना पडता."

मला आपली लई नवाई वाटली. आपुन एवढे दिवस बैल घेतले, म्हशी घेतल्या, पण जनावराला आपुन पटतो का, हे कुणी इचारलंच न्हाई! मी खोदून खोदून इचारलं, घोडं माणसासारखंच असावं का माणसाच्या उलटं? तर त्यानं एका पुढाऱ्याचं सांगितलं. कुठला ते सांगत न्हाई, तुमच्यातलाच कुणी पावणा निघायचा. त्याला मिरवणुकीला पांढराच घोडा पायजे व्हता. नबीभाई म्हणला, साहेब, ह्या घोड्याला झेंडूचे हार लई आवडतेत. पुढारी म्हणला, मला बी लई आवडतेत, जमतंय आमचं. मिरवणूक निघाली, लोकांनी हार घातला की घोडा मान वळवून खायचा. पुढारी म्हणायचा घाला आजून, घोडा म्हणायचा घाला आजून. शेवटी घोडा हार खाता खाता फेट्याच्या तुऱ्यापर्यंत आला! मंग नबीभाई म्हणतो, दोघांची आवड सारखी नगं, चाल सारखी पायजे. आन् रागाचं उलटं पायजे, दोघं बी तापट असले की दोघांपैकी एकाला दवाखाना. मला पटलं ते. आता तुमीच इचार करा, लगीन जमवताना तरी एवढं कोण बगतंय?

मंग त्यानं इचारलं, तुमी कसे? मी म्हणलं, मी मुळात कमी बोलणारा माणूस. बास, एवढंच. म्हंजे, सुरुवात एवढ्यानं केली. मंग त्याला समजून सांगावं लागलं ना, किती कमी बोलतो, कवापासून कमी बोलतो, आमचे वडील किती कमी बोलायचे, त्यांचे वडील तर कसे नुसते हुंकारायचे, तो हुंकार कसा… चहा आला, चहावर साय धरली, दुसरा चहा आला, त्याच्यावर बी धरली. मधी कवातरी नबीभाई छबुबाईकडं वाकला, कायतरी इचारलं, ती कायतरी म्हणली, एकच वाक्य. काय म्हणली ते मला ऐकू आलं न्हाई, मी बोलत व्हतो ना! पण नबीभाई ताडकन उठला, थेट मागं गेला आन् ही घेऊन आला. म्हणला, "ये नगीना. भाऊ, ही तुमच्यासाठीच जल्मली." वर म्हणला, महिनाभर बसून बगा, न्हाई पटली तर महिन्याच्या बाजाराला दिवस मावळायच्या आत आणून बांधा, बदलून देतो. त्याच्यानंतर म्हणे तो टेम्पो भरून लांब जत्रंला जातो, ते पार पावसाळ्यात येतो. तो बाजार म्हंजे आज! म्हणून तर मी घाईत हाय.

तर बसलो हिच्यावर. चार पावलं गेली आन् उभी राहिली. मी म्हणलं, चल. ढिम्म. चल गं, चल माय, चल लेकी, सगळं म्हणून बगितलं, न्हाईच. वाटलं काटा भरला असंल, उतरून चारी खूर बगितले. शेवटी छबुबाई म्हणली, उतरा, मी बसते. ती बसली, एक शब्द बोलली न्हाई, आन् ही घोडी तिला घेऊन तरतर तरतर माळावर! आन् मी मागून पायी, पिशवी घेऊन, हाका मारत.

पुढं तर मोठीच फजिती झाली. माज्या बहिणीची पोरगी, वर्षाराणी, एकुलती एक भाची, तिचा साखरपुडा. मी मामा. सकाळच्या पारी निघालो. वाटेत माणसं भेटतेत, राम राम तर घालावाच लागतो? पोरंबाळं कशी हायती, इचारावं तर लागतं? परत्येक राम रामाला ही उभी! पोहोचलो तवा आचारी पातेलं घासत व्हता. बहीण, दगडाबाई तिचं नाव, माज्याकडं बगितलं बी न्हाई तिनं. म्हणली, "लग्नात गुरुजी म्हणतेत, मामा, मुलीला मांडवात घेऊन या. तवा तू नसलास तर चुलता आणील तिला. मी थांबायची न्हाई." लई लागलं बगा ते. त्या पोरीला मी खांद्यावर बसवून बाजार दावलाय, आन् मांडवात चुलता आणणार? लगीन येत्या रविवारी हाय. म्हणून म्हणतो, आज ही घोडी बदललीच पायजे.

आता तुमी म्हणताल, ती थांबती कावून? मला बी तेच कळंना! डोस्क्याला भुंगा लागला नुसता. कवा चालती, कवा थांबती, ताळमेळच लागंना. एक दिवस मोठ्या रस्त्यावर आलो, फोन वाजला. मी म्हणलं, हॅलो. संपलं! रस्त्याच्या मधोमध उभी. समोरून उसाचं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. डायवर म्हणतो, ओ मामा, घ्या बाजूला. मी म्हणलं, घेतो ना, पण त्याचं आसं हाय… आन् सांगितलं त्याला, सिरसाळ्यापासून. सांगायला नगं का? उगंच माणसाचा गैरसमज व्हतो. तो हॉर्न मारायला, मी समजावायलो, मागं यष्टी आली, तिच्या मागं टेम्पो आला, मंग त्यांना बी सुरुवातीपासून सांगावं लागलं. शेवटी तो डायवर खाली उतरला, ट्रॉलीतून उसाचं कांडकं उपसलं. मला वाटलं हाणतोय आता. त्यानं ते सोललं, माज्या तोंडात घातलं आन् म्हणला, "मामा, आदी हे खावा." मी आपला चावायलो… आन् घोडी चालायली! थुंकून म्हणलं, आरं, चालली की! तर पुन्यांदा थांबली. सगळ्या रस्त्यानं एकदम सांगितलं, मामा, चावा, चावा!

तवा उलगडा झाला. नबीभाईला फोन केला. त्यो म्हणतो, हिचा आदीचा मालक मेंढरं राखणारा म्हातारा, सारा दिवस माळावर, बोलायला माणूस न्हाई, तो तोंड उघडायचा फकत हिला थांबवायला. तवा पाठीवर बसलेल्या माणसाचा आवाज म्हंजे थांब, एवढंच हिला कळतं. चल म्हणलं तरी थांब! म्हणला, तुमीच म्हणालाव ना, कमी बोलणारा माणूस? चाल जुळली.

आता हे बरोबरच हाय की. मी मुळात कमी बोलणारा माणूस, मला काय अडचण? ठरवलं, तोंड उघडायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी आमच्या शेतातून निघालो, आडरान, चिटपाखरू न्हाई. आन् ही थांबली. मी इकडं बगितलं, तिकडं बगितलं, कोण बोललं? कुणीच न्हाई. पुढं चालली, परत थांबली. आन् तवा, तुमाला सांगतो, मला पैल्यांदा ऐकू आलं. मीच बोलत व्हतो. लायटीच्या खांबाला म्हणत व्हतो, कावून वाकलास बाबा. शेजाऱ्याच्या तुरीला म्हणत व्हतो, बरी हायस की. पाटीवर गावाचं नाव वाचलं ते बी मोठ्यानं, आन् ते आमचंच गाव! काटा आला अंगावर. एवढी वर्सं ह्या माणसाच्या संगं राहतोय मी, आन् हा बोलतो हे मला म्हाईतच न्हाई? मंग नबीभाईला मी सांगितलं तो माणूस कोण? घोडं कुणाला जुळवलं त्यानं?

हे मी घरी येऊन छबुबाईला सांगायला लागलो, तर ती भाकरी थापत हां हां म्हणायली. मी म्हणलं, ऐकायलीस ना? म्हणली, हां. मी म्हणलं, घर पेटलंय. म्हणली, हां.

आज सकाळी निघताना म्हणली, जावा बदलून आणा, पण फाट्यावर थांबू नका. मी काय थांबणारा हाय? तुमी दिसलाव, म्हणून नुसतं इचारलं, जीप गेली का. तेवढ्यावर ही उभी राहिली. आता ही उभीच हाय म्हणल्यावर म्हणलं दोन शब्द बोलून घ्यावं… आं? सावल्या लांबल्या का ओ? न्हाई न्हाई, आजून हाय दिवस, निघतोच मी…

थांबा, हा टेम्पो… नबीभाई! ओ नबीभाई! आवो मी तुमच्याकडंच यायलो! काय? बाजार उठला? आवो पण माजी घोडी… आता पावसाळ्यातच? आवो माज्या भाचीचं लगीन हाय… काय म्हणता? बदलून दिली नसतीच? कावून? मंडळींनी? आमच्या छबुबाईनं सांगितलं व्हतं? त्या दिवशी, खाटेवर? काय सांगितलं व्हतं?

…ऐकलंव का तुमी? टेम्पोच्या आवाजात तुमाला ऐकू आलं नसंल. ती म्हणली व्हती, "ह्यांचं बोलणं उभं राहून ऐकंल आसं जनावर द्या भाऊ, मला कामं असतेत."

गेला बगा टेम्पो.

बगा की… पोरगं चावी काढून घेतं, तानाजी मागं बसंना, जीपवाला मागच्या जीपकडं बोट दावतो. ह्या अख्ख्या तालुक्यात मी तोंड उघडलं की चालता पाय थांबवणारं कोण हाय, तर ही. वाईट वाटायलंय का बरं वाटायलंय, माजं मलाच कळंना. आन् लगीन रविवारी. म्हंजे आत्ता इथूनच निघायला पायजे, तवा कुटं मंगलाष्टकाला…

आली का जीप? बसा बसा. घ्या की मला बी, घोडी बांधतो इथं… काय म्हणला डायवर? मागच्या जीपनं?

गेले सगळे.

हाय का गं नगीने? हाय. तर तुला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस…