दादाच्या हातचं काम

थोडंसं वेल्डिंग? थोडंसं म्हणजे किती हो साहेब? — थोडंसं मीठ असतं, थोडीशी सर्दी असते, हे थोडंसं नाहीये. ही चासी कापलीय. चांगली धडधाकट चासी कुणीतरी करवतीनं कापलीय, पुन्हा जोडलीय, वर बोटभर पुट्टी थापलीय आणि त्यावर हा लाल रंग — या रंगावरच भाळलात ना तुम्ही? खरं सांगा. भाळलातच. सगळे भाळतात. टाकी बघतात, सीटवर बसून बघतात, इंजिन चालू करून डोळे मिटून मान डोलावतात, जसं काही गाणंच चाललंय — पण सीटखाली वाकून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. या इकडे, दिव्याखाली. बोट फिरवा. लागला ना उंचवटा? तिथंच पाणी मुरतंय. नाही, तुम्ही नुसतं धरा, हलवू नका, रंग मी काढतो. रंग विरघळवायचं औषध आहे हे, हाताला लागलं तर आग होईल. मग मलाच नावं ठेवाल.

हे का करायचे माहितीये? हौस! दुसरं काही नाही. त्या काळी मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, गाड्यांचे मागचे शॉकअप उभे असायचे, सरळ, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. मग कुणीतरी कुठल्यातरी मासिकात वाचलं, की शॉकअप पुढे झुकवले की चाक जास्त वरखाली होतं, गाडी उंच उडते. उडते, बरोबर आहे. उडालेली गाडी खालीही येते, ते पान बहुतेक फाटलं होतं. झालं! घरोघरी करवती निघाल्या. शॉकअपचं ब्रॅकेट तोडा, चार बोटं पुढे चिकटवा — आता तिथं नळीला आतून आधार द्यायचा असतो, पत्र्याचा त्रिकोण बसवायचा असतो, सगळा भार वेल्डिंगच्या त्या एका टाक्यावर येतो — छे छे, एवढा विचार कोण करणार, रविवारी शर्यत आहे! एकानं चासी आणली होती माझ्याकडे, मधला तुकडा चक्क नळाचा पाइप. आत क्षार धरलेला! म्हणजे आधी त्यातून पाणी वाहून झालं होतं. दुसरा एक, त्यानं वजन कमी करायचं म्हणून चासीला भोकं पाडली, मी मोजली, एकतीस — आणि स्वतः एकशे दहा किलोचा. म्हटलं, अरे राजा, दोन घास कमी खाल्ले असतेस तर चासी वाचली असती. रागावला. खऱ्याचा राग फार येतो माणसाला, दुसऱ्यानं सांगितलेल्या खऱ्याचा.

काय? — तुमच्या मामांकडून घेतलीत गाडी, आणि त्यांनी हे इथंच करून घेतलं होतं? याच दुकानात? उगाच काहीतरी बोलू नका — कुठल्या साली? ... हां. अच्छा. टोळ शर्यतीत पडला ते साल. मग बोलायलाच नको. लपवायचं काय त्यात, सगळ्यांना माहितीये — हे आमच्या दादाच्या हातचं काम. मला आधीच वास आला होता. हा असा भज्यासारखा फुगलेला टाका दिसला ना कुठेही, मी त्याला 'दादाछाप' म्हणतो. आता बाकीचे दुकानवालेही म्हणतात. माझा थोरला भाऊ तो. डावखुरा. बाबा त्याला कायम म्हणायचे, उलट्या हाताचं काम सुलटं कसं होणार. बाबा म्हणजे — तुम्ही बाबांचं काम बघितलं नाहीत. हे दुकान त्यांचं. त्यांचा टाका बघायला लोक गाडी उलटी करायचे. तेव्हा वेल्डिंग करणारे दोघंच, बाबा आणि दादा. मी वीस वर्षांचा, मला फक्त कानस मारायची नि रंग द्यायचा. हा रंगसुद्धा मीच दिला असेल, काय सांगावं.

टोळ माहीत नाही तुम्हाला? उड्या मारायचा म्हणून टोळ. असा स्वार पुन्हा झाला नाही. त्याचेही शॉकअप आमच्याकडेच पुढे घेतलेले. तिसऱ्या फेरीत मोठ्या ढिगाऱ्यावरून उडाला आणि खाली येताना चासी सीटखाली मोडली. कडाक्. आम्ही दोरीला टेकून उभे होतो, पुढे मी, मागे बाबा, बाजूला दादा. गुडघा गेला त्याचा, पुन्हा गाडीवर बसला नाही. लोकांनी मोडका तुकडा आमच्यापुढे आणून टाकला, म्हणाले, कुणी केलंय हे? बाबांचं तोंड पांढरं पडलं. आणि दादा म्हणाला, मी. बस, एवढंच — मी. सफाई नाही, काही नाही. बाबांच्या तीस वर्षांच्या नावाला त्यानं एका दिवसात काळं फासलं. मी सोडतोय होय! सगळ्यांसमोर बोललो. घरी येऊन त्याचे कपडे मीच पिशवीत भरले आणि पिशवी रस्त्यावर ठेवली. बाबा खुर्चीत बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅसचा टॉर्च माझ्या हातात दिला, म्हणाले, आता तू कर. पुन्हा कधी टाका मारला नाही त्यांनी. पोराच्या पायी एवढा मोठा कारागीर खचला. गेले त्यातच.

आणि आता म्हणे यायचंय. कोणाला? दादाला! ताईचा काल फोन — आई थकलीय, त्याची वाट बघते, येत्या रविवारी येऊ दे त्याला, तू फक्त हो म्हण, तुझ्या 'हो'शिवाय तो पायरी चढणार नाही. आई वरच असते, या डोक्यावरच्या खोलीत. एवढ्या वर्षांत आई दादाविषयी एक वाकडा शब्द बोलली नाही, आयांचं असंच असतं. मी ताईला म्हटलं, आईला भेटायचंय तर तिला खाली रस्त्यावर आणतो, खुर्ची टाकून देतो, पण हा माणूस या दुकानातून आत येणार नाही. बरोबर की नाही? — का? मान काय हलवताय? तुमचा भाऊ असता तर तुम्हीही हेच केलं असतंत. जाऊ द्या. हा बघा, सुटायला लागला रंग. पुट्टी बघा, पुट्टी! भिंत बांधायची होती का —

आता दाखवतो दादाची करामत. टाका कसा वाचायचा सांगतो. टाका जिथं संपतो ना, तिथं बारीक खळी राहते. उजव्या हाताचा माणूस टॉर्च उजव्या हातात धरतो, तार डाव्या, नि उजवीकडून डावीकडे सरकतो — खळी डावीकडे. बाबांची कायम डावीकडे. दादा डावखुरा, म्हणजे त्याची खळी — इथं — इथं पाहिजे.

दिवा जवळ घ्या. अजून. सावली पडतेय तुमची.

डावीकडे आहे ही. ... नाही, चासी उलटी धरलीय आपण. फिरवा. हँडल कुठंय, ही हँडलची बाजू — मग सुलटीच आहे. दुसरीकडचा टाका बघू. तो उजवीकडे असेल. असणारच. द्या तो ब्रश, द्या इकडे.

हाही डावीकडे.

हं. आणि हे काय, सांधा इथं आहे नि टाका — टाका सांध्यावर नाहीच. बाजूनं गेलाय, बोटभर बाजूनं, नुसत्या नळीवर. सरळ गेलाय. हात कुठं थरथरलेला नाही, एकसारखे खवले, सुरेख, असा टाका दादाला जन्मात जमला नाही — फक्त जागेवर नाहीये. ज्याला सांधा दिसत होता तो असं करेल का? तुम्हीच सांगा. दादानं केलं नसतं. दादाचं काम ओबडधोबड, पण सांधा त्यानं कधी सोडला नव्हता.

मोतीबिंदू. बाबांना डॉक्टर म्हणाले होते नंतर, फार वर्षांचा आहे, इतके दिवस काय करत होतात. आम्ही म्हटलं, वय झालं. बाबा टेबलाला धडकायचे, तर मी म्हणायचो, दादाच्या विचारात असतात. आई चहाचा कप त्यांच्या बोटांना टेकवून द्यायची. रोज. म्हणजे आईला — आईला माहीत होतं सगळं. दादाला माहीत होतं, म्हणून तर टोळच्या टाक्याला तो 'मी' म्हणाला. ते तिघं एका घरात गप्प बसले आणि बोलत होतो कोण, तर मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला, सगळी वर्षं. आणि बाबा! खुर्चीत बसून ऐकत होते हो सगळं. मी पिशवी भरताना ऐकत होते. एकदा तरी म्हणायचं होतं, अरे, थांब. मेलेल्या माणसाचा राग येतोय मला, साहेब, काय करू सांगा.

नाही, काही नको. पाणी नको. औषधाचा वास डोळ्यांत जातो, होतं असं.

चासी इथंच राहू द्या. मी नाही कापणार. ते दादा ठरवेल, थोरला आहे तो या दुकानातला. रविवार झाला की या. — येईल ना पण? मी ताईला जे बोललो, रस्त्यावर खुर्ची वगैरे, ते तिनं त्याला सांगितलं असेल तर? तुम्ही आला असतात? — नका, सांगू नका. तुम्हाला काय विचारतोय मी, तुम्ही गाडी रंगावरून घेणारे. निघा आता. मला फोन करायचाय.