खिळ्यावरचा पिट्टू

तो न्हाई, पावणं. तो खिळ्यावरचा विकायचा न्हाई. दोनदा चहा पाजला तुमाला, तरी नजर तिथंच. खाली ढीग पडलाय की – तसाच पिट्टू, तोच रंग, तेवढेच बंद. जवान जो पाठीला बांधून डोंगर चढतो तोच, फक्त शिवलाय आमच्या हनीफभाईंनी, हितंच, जुन्नरात. आपल्या माणसापासनं मी लपवत न्हाई. पुण्याची पोरं येत्यात – जीवधनला, हरिश्चंद्रगडाला निघालेली – त्यांना सांगायचं, मिल्ट्रीचा माल. गाडीतनं पायथ्याला उतरणार, गडावर मॅगी खाणार, पण तोंडावर भाव असा की सियाचीनलाच निघालेत. मग मी त्यो खिळ्यावरचा दाखवतो. म्हणतो, ह्याच्यावरनं बेतलाय सगळा माल.

खरा हाय का? सोळा आणे खरा. बायडाबाई न्हाई का, घोडेगावच्या बाजारातली – जुने कपडे घेऊन भांडी देती ती? तिनं आणला. महाळुंग्याच्या कुण्या बाईनं पातेल्यावर दिला म्हणं. वर झाकण मागत व्हती, ते मिळालं न्हाई. नवऱ्यानं बर्फात वागवलेलं ओझं देऊन दुधाला पातेलं घेतलं – शहाणी बाई. तर हनीफभाईंनी तो उसवला, कागदावर बेत काढला, परत शिवला. तर काय – डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. म्हणाले, गेणभाऊ, ही कुणाची तरी घरची दुरुस्ती दिसते, टीप वेगळी आहे, दोन्ही सारखे करू. मी म्हणलं, जन्मभर झंपर शिवलेत तुमी, फौजेला शिकवू नका. असंल त्यांचं काही शास्त्र. तसेच्या तसे दोनशे शिवले. आता पोरं म्हणत्यात, काका, एका अंगाला वढतंय. मी म्हणतो, बंदूक उजव्या खांद्यावर असती ना, तिचा तोल साधायला. एकानं तर वहीत लिहून घेतलं.

पण नुसत्या मालावर गिऱ्हाईक पटत न्हाई, राव, गोष्ट लागती. मालक कोण, इचारत्यात. मी म्हणतो, कारगिलात गेला बिचारा. मग डोळं पुसत्यात, अन् एकाच्या जागी दोन नेत्यात. पाप? कसलं पाप – तो थोडाच येणार हाय ऐकायला.

बरं, घ्या काढून. नुसता बघायला हं. पाठीला? घाला की, तेवढी हौस... वा. कसा बसला बघा – दोनशे पाठींवर कलंडला अन् तुमच्या पाठीवर ओळंब्यात. जरा सरळ उभं ऱ्हावा, पावणं. सरळच हाय? मग तो डावा खांदा असा खाली...

कवापासनं?

फौजेत व्हता तवापासनं! अन् हा पट्टा तुमीच आखूड केलेला. तिथंच, त्या बर्फात. नाव काय म्हणालात – जानकू? महाळुंग्याचे? म्हंजे ती पातेल्याची बाई... शहाणी म्हणलं व्हतं मी, तेवढं ध्यानात ठेवा. पेन्शनीत आल्यापासनं हाच हुडकताय? मंचर, घोडेगाव, सगळे बाजार? अहो, मग आल्या आल्या बोलायचं न्हाई का, मला बोलत ठेवलंत ते. न्या. तुमचाच हाय. पैसं नकोत – हात जोडतो, पाकीट ठेवा आत.

फक्त एक ऐका. ती पायऱ्यांवर पोरं आलीत ना, कालचीच हायत. काल त्यांना तुमच्यासाठी... म्हंजे, हितंच दुकानात दोन मिनिटं शांत उभं केलं व्हतं. टोप्या काढून. तवा तुमी मागल्या दारानं निघा, हनीफभाईंच्या मशीनीजवळनं वाट हाय.

तिकडं न्हाई, जानकूराव. ते म्होरलं दार. अहो, जानकूराव...

या पोरांनो, या, बसा. हे व्हय? हे आपले –