डब्यावरचे चारशे चाळीस

...नाही, हसा तुम्ही, हसा! मिठानं फसवलं म्हटलं की माणसं हसतातच. पण तुम्हाला सांगतो, माणसांनी मला फसवलंय, घड्याळजीनं फसवलंय, सख्ख्या साडूनं फसवलंय, मी हूं की चूं केलं नाही. पण मिठानं? मिठाला जागावं म्हणतात ना? मी जागलो! आता मीठच मला जागलं नाही तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

थांबा, मुळापासून सांगतो. आमच्या घरात समुद्र आहे. खरंच आहे! बैठकीच्या खोलीत, सोफ्याला लागून, चार फुटी काचेची टाकी. आता खरा समुद्र काही नळाला येत नाही, म्हणून त्याचं मीठ मिळतं डब्यात, कारखान्यात बनवलेलं. गाळलेल्या पाण्यात टाकायचं, ढवळायचं, झाला समुद्र! आणि त्या समुद्रात आम्ही पाळतो प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे हो! मेव्हणीसुद्धा पहिल्यांदा म्हणाली होती, "भाऊजी, दगडाला दिवे कशाला लावलेत?" अगं बाई, जीव आहे तो! दगडासारखं दिसतं ते त्याचं हाड, आणि ते हाड तो स्वतः बांधतो, पाण्यातलं कॅल्शियम घेऊन. पाण्यात कॅल्शियम नाही तर हाड नाही, हाड नाही तर जीव नाही. म्हणून मीठ घेताना बाकी काही बघायचं नाही, कॅल्शियम बघायचं. आणि डब्यावर काय लिहिलंय? लिटरला चारशे चाळीस मिलिग्रॅम! ठसठशीत! माझ्या दुकानातल्या पाटीवरच्या सगळ्यात वरच्या अक्षराएवढं!

हो, माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे नंबर काढतो. मी म्हटलं उणे दीड की समोरचा उणे दीड घालून चालायला लागतो, जिना उतरतो, गाडी चालवतो. आकड्यावर विश्वास ठेवायचा असतो, एवढंच मला आयुष्यात कळलंय.

तर आमच्या टाकीत एक प्रवाळ होतं. जांभळ्या टोकांचं, बोटं पसरून डोलणारं. बायकोचा पाय मोडला, प्लास्टर घालून सोफ्यावर पडून होती, तेव्हा तिला दिवसभर सोबत कुणाची? मी दुकानात. मुलगी लग्न करून लांब गेलेली, फोनवर "आई, आराम कर गं" म्हणून मोकळी. तेव्हा ही टाकी. सकाळी दिवा लागला की ते प्रवाळ हळूहळू एकेक बोट बाहेर काढायचं, आणि बायको म्हणायची, "उठली बाई माझी!" नावच पडलं, धाकटी. संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवलं की पायाचं राहिलं बाजूला, धाकटीची बातमी आधी. धाकटीनं आज मासा हाकलला. धाकटी आज रुसली होती, मग निवळली. मी ज्या बाईला टाकीसाठी सहा महिने विनवण्या केल्या होत्या, ती बाई! प्लास्टर निघालं, बायको चालायला लागली, तरी सकाळचा चहा टाकीसमोरच.

आणि एके दिवशी म्हणाली, "अहो, धाकटी आज उठली नाही."

मी म्हटलं, उठेल. नाही उठली. दुसऱ्या दिवशी दोन बोटं काढली, परत आत. मग कडेनं मांस मागे सरायला लागलं आणि खालचं पांढरं हाड दिसायला लागलं... बायकोनं नुसता चहा निवत ठेवला. तुम्हाला सांगतो, ती बोलली असती तर परवडलं असतं!

मी काय नाही केलं? दिवा वर केला, दिवा खाली केला, पंप बदलला, माशाला दम दिला. पण मिठावर संशय घेईन? छे! डब्यावर काय लिहिलंय? चारशे चाळीस! शेवटी सहज म्हणून कॅल्शियम तपासायची बाटली काढली. त्यात कसं असतं, नळीत पाणी घ्यायचं, थेंब थेंब औषध टाकायचं, गुलाबीचं निळं झालं की आकडा वाचायचा. निळं झालं. आकडा आला तीनशे वीस. मी म्हटलं, माझा रंग चुकला. परत केलं. तीनशे वीस! आता कुणाचे डोळे वाईट? माझे! मी, जो जगाला विचारतो "आता बरं दिसतंय, का आता?", तो मी स्वतःच्या दुकानात स्वतःच्या खुर्चीत बसलो आणि माझ्या सहायक बाईंना म्हटलं, काढा माझा नंबर, रंगांचीही चाचणी घ्या. बाई म्हणाल्या, "सर, डोळे उत्तम आहेत. मन थाऱ्यावर नाही."

मग ताजं पाणी केलं, डब्यातलं मीठ, अगदी मापात, आणि बाटली भरून मेव्हणीकडे. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे, तिची यंत्रं माझ्यापेक्षा महाग. तिनं तपासलं, चष्मा कपाळावर सरकवला... माझ्याच दुकानातला चष्मा... आणि म्हणाली, "भाऊजी, तीनशे पंचवीस. हा समुद्र तुम्हाला कुणी विकला?"

कुणी विकला! दर्याशेठनं विकला! आमचा दर्याशेठ, समुद्री माशांच्या दुकानाचा मालक. मासेवाला म्हणायचं नाही हं, चिडतो. ज्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुम्ही मला भावासारखे, तुम्हाला वाईट देईन का? हिरवा डबा न्या!" त्याला फोन केला. तो कसा बोलतो माहितीय? प्रत्येक शब्दाला जांभई. "डबा... हलवला होता का? अहो, प्रवासात कॅल्शियम तळाशी बसतं. लोळवा. जरा लोळवा."

लोळवला! तो पंचवीस किलोचा डबा मी सोफ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून सोफ्यापर्यंत लोळवला! बायको पाय वर घेऊन बसलेली. खालचे गृहस्थ वर आले, "रणगाडा आणलाय का?" मी म्हटलं, नाही हो, कॅल्शियम तळाशी बसलंय. ते बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर हाक मारा." परत पाणी केलं, परत मेव्हणी. किती आलं असेल? तीनशे पंचवीस! आणि डब्यावर?... म्हणा की, आता तुम्हालाही पाठ झालं असेल!

कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाज, "सर, डबा उलटा करून तळाशी वाचता का प्लीज?" उलटा केला. अगदी खाली, मुंगी चालल्यासारखं एक वाक्य. 'प्रत्यक्ष प्रमाण कमी-अधिक असू शकते.' आणि हे वाचायला मला भिंग लागलं! मला! चष्मेवाल्याला! जखमेवर मीठ, तेसुद्धा कॅल्शियम नसलेलं!

तडक डबा उचलला आणि दर्याशेठचं दुकान गाठलं. गल्ल्यावर कुणी नाही. मागून पाण्याचा आवाज. त्याची ती प्रसिद्ध टाकी आहे ना, भिंतभर, सगळे प्रवाळ असे फुललेले की बघणारा तोंड मिटायचं विसरतो, तिच्या मागे गेलो. पडदा सारला. शेठ बाह्या सरसावून पिंपात मीठ ढवळतोय. आणि शेजारी डबा कुठला? निळा! दुसऱ्याच कंपनीचा निळा डबा!

मी म्हटलं, "शेठ... हिरवा?"

तो म्हणाला, "हिरवा विकायला असतो."

"आणि स्वतःला निळा?"

"अहो, माझ्या टाकीत प्रवाळ आहेत ना!"

"मग माझ्या टाकीत काय आहे?"

यावर तो माणूस ढवळायचं थांबला, मनापासून विचार केला, आणि म्हणाला, "हौस."

भावासारखा हो! मला वाटलं, हिरवा डबा त्याच्या डोक्यावर ओतावा. पण बरोबर बायको आली होती. ती पुढे झाली, आणि भांडण नाही, काही नाही, नुसतं विचारलं, "आमची धाकटी जगेल का?" शेठची जांभई कुठल्या कुठे गेली. म्हणाला, "वहिनी, घरचं पाणी हळूहळू बदलावं लागेल. तोवर ती टिकायची नाही. माझ्याकडे आणून ठेवा." त्याच्याकडे! ज्यानं मारलं त्याच्याकडेच बरं करायला! पण पर्याय काय? पिशवीत पाणी भरून, मांडीवर धरून, बायकोनं तिला नेलं. वाटेत सारखी मला सांगत होती, गाडी हळू.

आणि ती जगली. आठवड्याभरात बोटं बाहेर, दोन महिन्यांत दुप्पट! मी घरी निळं मीठ आणलं, पाणी हळूहळू बदललं, मेव्हणीकडून तपासून घेतलं, चारशे तीस! वाजतगाजत धाकटीला आणायला गेलो, तर शेठ म्हणतो, "ती खडकाला धरून बसलीय. ओढली तर फाटेल." मी म्हटलं, "खडकासकट द्या!" तो म्हणतो, "त्या खडकावर अख्खी भिंत उभी आहे." मी बायकोकडे बघितलं. ती काचेला नाक लावून उभी. धाकटी आत डोलतेय, फुलून, आम्हाला ओळखसुद्धा न दाखवता. बायको म्हणाली, "राहू दे हो. रमलीय इथे."

आता आम्ही दर रविवारी तिला बघायला जातो. परवा मी जरा जवळ गेलो, काचेवर बोट ठेवलं, तर शेठ गल्ल्यावरून ओरडला, "काचेपासून लांब!" मी म्हटलं, "अहो, आमची आहे ती!" त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. सगळ्यांचीच आहेत ती, सगळ्यांनी हिरवाच नेला होता. मागे बाक टाकलाय, तिथे बसा."

वळून बघितलं. बाकावर चार जोडपी, टाकीकडे टक लावून. एका आजोबांनी डबा उघडून आमच्यापुढे बिस्किटं धरली आणि म्हणाले, "या, या. तुमची कुठली?"

काय करणार? आम्ही दाखवली, आणि ते सरकले तसे बसलो.