आऊटचा रकाना

वैभव : काका, हे चार वाजून बारा म्हणजे काय?

कुशाबा : चार वाजून बारा मिनिटं. घड्याळ वाचता येत नाही तुला?

वैभव : घड्याळ येतं हो. पण माणूस या बांबूपासून त्या बांबूपर्यंत किती सेकंदांत गेला, ते कुठंय? अडीचशे मीटर अंतर. नऊ जण पायाखाली फळी नि हातात पतंग घेऊन पाण्यावरून सुसाट गेले. त्यांचे सेकंद हवेत मला.

कुशाबा : सेकंद कोण लिहितो? आमच्याकडे मिनिटाच्या खाली कोणी उतरत नसे.

लविना : वैभव, लिस्ट झाली काय? सात वाजायच्या आत मेल गेला पाहिजे, तूच बोललास. ट्रेव्हरचा टाईम सांग ना, प्लीज.

वैभव : एक मिनिट, लविना. काका, आणि हे स्टॉपवॉच? खोक्यातून काढलंसुद्धा नाही?

कुशाबा : ते होय? मला वाटलं बक्षीस आहे.

वैभव : झाला लोचा. अहो, मी सगळ्या क्लबला सांगितलं, आमच्या परळच्या चाळीतले कुशाबाकाका येतायत, मिलमध्ये तीस वर्षं टाईमकीपर होते, टायमिंगची चिंता सोडा!

कुशाबा : होतोच. फाटकावरचा टाईमकीपर. कामगार आत शिरला, इन. बाहेर पडला, आऊट. तू म्हणालास, काका, टायमिंग बघा. बघितलं. पाण्यात शिरला की इन, वाळूवर आला की आऊट. ही घे वही. एक खाडाखोड दाखव.

लविना : म्हणजे कोणाचा स्पीडच नाय? अंकल, माझा भाऊ एक वर्ष झालं मरमरतोय. दर रविवारी माझगाववरून एवढं सामान खांद्यावर घेऊन येतो. आज पहिला आला तर क्लब त्याला तामिळनाडूला पाठवणार, मोठ्या कॉम्पिटिशनला. आता मेलमध्ये काय लिहायचं? मुलगा चार वाजता पाण्यात गेला, एवढंच?

कुशाबा : चार नाही गो बाय. चार पन्नास. नऊ नंबर, ट्रेव्हर. सगळ्यात शेवटी.

वैभव : थांबा, थांबा. क्लबच्या अनुजाने टेबलामागून व्हिडिओ काढलाय. दोन्ही बांबू दिसतात. त्याच्यावरून सेकंद मोजू. हा बघ, हा पहिला पिवळावाला... तेवीस सेकंद. पण हा कोण?

लविना : छातीवर नंबर आहे ना?

वैभव : एवढ्या लांबून मुंगीएवढा दिसतोय. पतंगाचा रंग तेवढा कळतो. आणि हे दोन ऑरेंज. हितेंद्रचा ऑरेंज, ट्रेव्हरचापण ऑरेंज. एक सतरा सेकंद, एक अठरा. त्यातला सतरावाला कुठला?

लविना : ट्रेव्हरचा! दुसरा कोणाचा असणार?

वैभव : असं बहिणीने बोलून चालत नाही ग.

कुशाबा : वहीत बघ की. पाच नंबर, हितेंद्र. इन चार एकतीस, आऊट चार चाळीस. त्याच्यानंतर आणखी तीन माणसं गेली, मग नऊ नंबर. तुझ्या त्या व्हिडिओत आधी येतो तो हितेंद्र, मागून येतो तो ट्रेव्हर.

वैभव : अरे, हो! मागून येणारा सतरा! लविना, सतरा! काका, तुमची वही कामाला आली बघा. फक्त नऊ नंबरच्या पुढे आऊट लिहायचं राहिलंय, ते टाका आणि मी फोटो मारतो.

कुशाबा : राहिलं नाही.

वैभव : रिकामं आहे ना पण.

कुशाबा : रिकामं आहे. राहिलं नाही. आला नाही, म्हणून लिहिलं नाही.

लविना : आला नाय म्हणजे? अंकल, तुमचं लक्ष नसेल. तिकडे कपडे बदलत असेल. त्याचा काइट पडलाय ना तिथे वाळूत, ऑरेंज.

कुशाबा : त्याला कोपऱ्यात निळं ठिगळ आहे. तो पाच नंबरवाल्याचा.

वैभव : काका, पाच वाजून पंचवीस झाले. मी माझ्या डोळ्यांनी बघितला त्याला दुसऱ्या बांबूपुढून जाताना. झेंडा पाडला, शिट्टी मारली.

कुशाबा : आणि मग?

वैभव : मग वारा पडला. मी माईकवरून बोललो, संपलं, सगळे आले.

कुशाबा : कोणाक विचारून बोललंस?

वैभव : म्हणजे... सगळे वाळूवरच दिसत होते.

कुशाबा : सगळे म्हणजे किती? आत गेले नऊ. बाहेर आले आठ. मी दोनदा उठून तुझ्याकडे आलो. दोन्ही वेळा म्हणालास, काका, नंतर.

लविना : वैभव. त्याचा फोन माझ्या पर्समध्ये आहे.

वैभव : होडी. बचावाची होडी आहे ना आपली, सीतारामची. च्यायला, तिलापण मीच परत पाठवली.

कुशाबा : मग फोन लाव, मेल्या! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?

वैभव : हॅलो, सीताराम! कुठे आहेस? माहीमला पोचलास? होडी बांधू नकोस, फिरव. एक जण पाण्यात राहिलाय. ऑरेंज पतंग... नाही, आता वर नसणार, वाराच नाही.

कुशाबा : ओहोटी कधी लागली, विचार त्याला.

वैभव : तीन वाजता बोलतोय.

कुशाबा : मग काठाकाठाने शोधू नको म्हणावं. पाण्याने आत ओढला असणार. सरळ आत जा.

लविना : मी लाइफगार्डला सांगते. कुठे आहेत ते? वैभव, ते कुठे बसतात? मला काय सुचत नाय रे.

वैभव : मी पळतो. तू काकांजवळ थांब. काका, हिच्याकडे बघा.

कुशाबा : बस गो. खुर्चीवर बस. पाणी पी.

लविना : मी वडापाव खात होती, अंकल. तिकडे स्टॉलवर उभी राहून, हसत होती. मम्मीला फोनपण केला, तुझा मुलगा फर्स्ट येणार बोलली.

कुशाबा : तुला काय माहीत. माईकवरून सगळे आले म्हटल्यावर कोणीही खाणार.

लविना : तुम्ही कसं नाय ऐकलं माईकवालं?

कुशाबा : मी वही ऐकतो. एकदा फसलो होतो. रात्रपाळी सुटली, गर्दी बाहेर पडली, मीपण म्हटलं, सुटले सगळे. एकाचं आऊट नव्हतं. म्हटलं, विसरला असेल सांगायला. मीच लिहून टाकलं, हाताने. सकाळी मिलमध्येच, खात्यात सापडला, अंगावर सामान पडलेलं. जिवंत होता. पण रात्रभर ओरडत होता, नि माझ्या वहीत तो घरी गेलेला.

लविना : मग?

कुशाबा : मग काय. त्यानंतर रिकामा रकाना मी कधी आपल्या मनाने भरला नाही. साहेब ओरडले तरी नाही. मघाशी तू मला म्हणालीस, लक्ष नसेल. राग आला मला. सांगून टाकतो.

लविना : सॉरी, अंकल.

कुशाबा : राग गेला. तिकडे बघत राहा तू. माझे डोळे एवढ्या लांबचं धरत नाहीत.

(अर्ध्या तासाने. तेच टेबल, तीच वही.)

वैभव : भेटला! काका, भेटला! सीतारामचा फोन. पतंग पाण्यात पडला, दोऱ्या पायात गुंतल्या. फळीला धरून होता. आपल्यापासून केवढा आत!

लविना : बोलतोय? वैभव, बोलतोय का तो?

वैभव : शिव्या देतोय म्हणे, मला. ती बघ होडी.

लविना : थँक गॉड. थँक गॉड. आय हेट हिम.

वैभव : काका... मी तुम्हाला 'नंतर' म्हणून परत पाठवलं. दोनदा. मला लाज वाटते.

कुशाबा : वाटू दे थोडी. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

वैभव : पुढच्या वर्षी कोण घेणार स्पर्धा!

कुशाबा : तू घेणार. फाटकावर मी बसणार. सेकंद मोजायला दुसरा कोणीतरी आण.

लविना : आला, आला! ट्रेव्हर! अरे, हळू उतर, मॅन! टॉवेल द्या कोणीतरी. काय? काय बोलतोस? वैभव, बघ ह्याला, दात वाजतायत आणि विचारतो काय, माझा टाईम किती आला!

वैभव : सांग त्याला, सतरा सेकंद! पहिला! सव्वासहा वाजलेत, आत्ता मेल पाठवतो. काका, तेवढं आऊट टाका ना, वहीचा फोटो जोडतो.

कुशाबा : थांब. अजून एक पाय पाण्यात आहे त्याचा.